तारामासे, गोगलगायी आणि देवळ्याची बदली

नाशिकच्या आमच्या महाविद्यालयात समुद्र आला तेव्हा माझा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मी ग्रंथपाल. समुद्र खाली लॉबीत, मी दुसऱ्या मजल्यावर, आणि मध्ये एक बंद पडलेली लिफ्ट. संस्थेचे अध्यक्ष परदेश दौरा करून आले होते आणि तिथल्या हॉटेलात त्यांनी खाऱ्या पाण्याची भलीमोठी काचेची टाकी पाहिली होती. दौऱ्याहून ते दर वेळी एखादी कल्पना घेऊन येतात. मागच्या खेपेला कारंजं आणलं होतं. त्यात सध्या कुंड्या ठेवलेल्या आहेत.

टाकी सहा फूट लांब. मुंबईहून माणसं आली, समुद्रातले दगड आले, बादल्या भरभरून मीठ आलं, पाणी थंड ठेवायचं यंत्र आलं आणि शेवटी पिशव्यांमधून मासे आले: केशरी-पांढरे चार, एक निळा, एक पिवळा. वीज गेली तर जनरेटर आधी टाकीला आणि मग परीक्षेच्या हॉलला, अशी लेखी सूचना निघाली. मासे घामाघूम होत नाहीत, विद्यार्थी होतात, हे कोणी बोललं नाही.

माझी चूक एवढीच की प्राचार्यांनी “खाऱ्या पाण्याच्या टाकीवर एखादं पुस्तक मिळेल का?” असं विचारलं तेव्हा मी ते मिळवलं आणि त्यांना देण्याआधी वाचून काढलं. उद्घाटनाच्या दिवशी फीत कापून झाल्यावर अध्यक्षांनी विचारलं, “यातलं आपल्याकडे कोणाला कळतं?” प्राचार्य चटकन म्हणाले, “मॅडमनी पुस्तक वाचलंय, साहेब.” आमच्या संस्थेत ही पात्रता दुर्मीळ आहे. तिसऱ्या दिवशी मला पत्र मिळालं. मूळ कामाव्यतिरिक्त मी मत्स्यालय प्रभारी झाले होते.

आता माझ्या नवऱ्याविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे आहे. तो देवळ्याला, आमच्याच संस्थेच्या शाखेत भूगोल शिकवतो. अकरा वर्षं आमचं लग्न शनिवार-रविवारचं होतं. शनिवारी दुपारी मी बसने अडीच तास देवळ्याला, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. मग त्याला काचबिंदू निघाला. या दुखण्यात नजर कडेकडेने मिटत येते. वर्गात महाराष्ट्राचा नकाशा लावून तो मला फोनवर सांगायचा, “आज नाशिक स्वच्छ आहे. गोवा गेला.” दिवसातून तीनदा डोळ्यांत औषध घालायचं होतं. एकट्याला ते जमत नव्हतं. “थेंब गालावर पडतात,” तो म्हणाला, “गालाचा दाब एकदम उत्तम आहे आता.”

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही. आहे ती टिकवायची असेल तर औषध चुकवून चालणार नाही. देवळ्याच्या शाखेत ग्रंथपालाची जागा रिकामीच होती. मी बदलीचा अर्ज केला. अध्यक्षांनी तो वाचला, चष्मा काढला आणि मोठ्या मायेने म्हणाले, “जा ना, अवश्य जा. फक्त तेवढी टाकी ताळ्यावर आणा. वर्षअखेरीस तपासणी समिती येतेय. तिनं टाकी पाहिली की तुम्ही मोकळ्या.”

टाकी ताळ्यावर नव्हती, कारण तिच्यात प्रजा वाढली होती.

दगडांबरोबर न बोलावता आलेले जीव होते ते. गोगलगायी हरभऱ्याच्या डाळीएवढ्या, टोकदार शंखाच्या. आणि तारामासे नखाएवढे, मळकट पांढरे. शाळेच्या पुस्तकात असतो तसा पाच सारख्या हातांचा डौलदार तारामासा नव्हे. यांचे दोन हात लांब, तीन आखूड, कुणाला सहा. कारण हे आपले आपणच मधून दुभंगतात, आणि दोन्ही अर्ध्यांना उरलेले हात फुटत राहतात. अर्धं झालेल्याला पुन्हा पूर्ण होता येतं, ही सोय आमच्या लग्नात नव्हती.

पहिल्यांदा काचेवर गोगलगायींची पिल्लं दिसली तेव्हा अध्यक्षांनी पेढे वाटले. “आपल्या वास्तूत वंश वाढतोय,” असं ते स्टाफसमोर म्हणाले. मी पेढा खाल्ला. महिन्याभरात वंश इतका वाढला की काचेवर बोट ठेवायला जागा उरली नाही. मासे मागे कुठेतरी पोहत असत. दगडांवरचा शेवाळाचा जांभळा थर खरवडला जाऊन खाली पांढरं दिसू लागलं. विद्यार्थी येऊन विचारायचे, “मॅम, मासे काढून टाकले का?”

आणि टाकी सुट्टी घेत नाही. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून रोज मोजून साधं पाणी घालावं लागतं, नाहीतर खारेपणा चढतो आणि मासे उलटे होतात. शनिवारी काही पाणी बदलायचं, रविवारी भर घालायची. माझी देवळ्याची बस बंद झाली. रविवारी सकाळी सगळं आवार रिकामं असताना मी वॉचमनकडून शटर उघडून घ्यायची आणि चिमटा घेऊन काचेसमोर बसायची. आतले माझ्याकडे बघायचे की नाही ठाऊक नाही. पण काचेच्या कुठल्या बाजूला कोण पाळलेलं आहे, याबद्दल माझी खात्री डळमळू लागली होती.

तिथूनच मी नवऱ्याला फोन करायची.

“दुपारचं औषध घातलंस?”

“घातलं.”

“कुठे?”

“एक डोळ्यात, एक मिशीत.”

“शेजारच्या पोराला बोलाव ना.”

“तो क्रिकेटला गेलाय. तुझ्या गोगलगायी काय म्हणतात?”

“वाढल्या.”

“मग मिशीतच चालू दे.”

हे बोलणं होत असताना लॉबी पुसणाऱ्या मावशी जवळपास असत. सफाईच्या कामावर, शनिवारी नेहमीची आणि एकाआड एक रविवारीही ड्यूटी. साठीला टेकलेल्या, काटक, आणि टाकीबद्दल पहिल्या दिवसापासून नाराज. “मीठ घालू घालू पानी नासवायचं आन् मंग मासे मरतील म्हनून बोंबलायचं,” असं त्यांचं मत होतं. पुस्तकात ते जवळपास याच अर्थाने दिलेलं आहे.

मी पकडलेल्या गोगलगायी डब्यात भरून मासे विकणाऱ्या दुकानदाराकडे देत असे. त्याने त्या चार आठवडे आनंदाने घेतल्या. पाचव्या आठवड्यात तो हात जोडून म्हणाला, “मॅडम, माझ्याकडेच आता सांभाळायला जागा नाही. नाशिकमध्ये खाऱ्या पाण्याच्या टाक्या असतील किती?” नदीत सोडायची सोय नव्हती, गोड्या पाण्यात त्या जगत नाहीत. तारामासे तर कोणीच घेईना. मग गरम पाणी. पहिल्या वेळी मी मनातल्या मनात क्षमा मागितली. दहाव्या वेळी त्याच शेगडीच्या दुसऱ्या बर्नरवर चहा ठेवला होता.

“एक कोळंबी येते, मॅडम,” दुकानदार म्हणाला. “दिसायला एकदम झकास. फक्त तारामासेच खाते.”

“आणि तारामासे संपल्यावर?”

“मग मरते.”

“दुसरं काही खात नाही?”

“नाही. तिचं तेवढंच.”

नेमून दिलेलं काम चोख केलं की उपाशी मरायचं. असा कर्मचारी आणखी एक नको, म्हणून मी नाही म्हटलं. तो जरा हिरमुसला, पण खरं तेच शेवटी बोलला. “मग खाणं कमी करा. खायला मिळतं म्हणून वाढतात. मासे खातात चिमूटभर, बाकी सगळं यांना.”

हे मलाही माहीत होतं. पण माशांना खाणं मी घालत नव्हते, ते मान्यवर घालत होते.

आमच्या संस्थेत पाहुण्याला शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ देतात. टाकी आल्यापासून त्यात चौथा सन्मान आला: मत्स्यभोजन, अमुक अमुक यांच्या शुभहस्ते. एका आठवड्यात बँकेचे अधिकारी, एक माजी विद्यार्थी जो आता मोठा द्राक्ष निर्यातदार आहे, दोन प्रवचनकार आणि अध्यक्षांचे व्याही, एवढ्यांनी माशांना जेवू घातलं. फोटोग्राफर म्हणायचा, “सर, अजून एकदा, जरा वरून,” आणि अजून एक मूठ पडायची. मूठ कमी घाला असं पाहुण्याला कोण सांगणार? मी एकदा प्राचार्यांपाशी विषय काढला. ते म्हणाले, “मॅडम, अन्नाला नाही म्हणू नये.”

मानपानाला विरोध करून आमच्याकडे आजवर कोणी जिंकलेलं नाही. तेव्हा मी मानपान वाढवायचं ठरवलं. सराफ बाजारात जाऊन कानकोरण्यापेक्षा किंचित मोठी अशी एक चांदीची पळी घडवून आणली, लाल मखमलीच्या डबीत घातली आणि अध्यक्षांपुढे ठेवली.

“साहेब, परदेशात माशांना हाताने घालत नाहीत. चांदीच्या पळीने, आणि फक्त प्रमुख पाहुणे. बाकीचे उभं राहून बघतात.”

हे वाक्य मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं. अध्यक्षांनी पळी उलटसुलट करून पाहिली. “बरोबर,” ते म्हणाले, “तिकडे पाहिलंय मी असं.”

त्या दिवसापासून मत्स्यभोजनात बारा-पंधरा कण पडू लागले. सूत्रसंचालक ‘रौप्यपळी’ हा शब्द श्वास रोखून उच्चारू लागले. प्रवचनकार पळी कपाळाला लावायचे. मी हिशेब मांडला, महिन्याभरात गोगलगायी निम्म्या व्हायला हव्यात.

झाल्या नाहीत. उलट वाढल्या. आणि सोमवारी सकाळी पाणी दुधाळ दिसायचं. शनिवारी मी बदललेलं, रविवारी तपासलेलं पाणी, आणि सोमवारी त्यात ताक मिसळल्यासारखं. बारकाईने पाहू लागले तेव्हा लक्षात आलं की रविवारीच ते थोडं मळायला लागलेलं असतं. मी मीठ बदललं. यंत्र तपासून घेतलं. पुस्तक पुन्हा वाचलं. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “कोणीतरी आत आंघोळ करून जात असेल.” त्याच आठवड्यात त्याने हेही सांगितलं, सहज बोलण्याच्या ओघात, की आता तो रस्ता ओलांडायच्या आधी मान पूर्ण फिरवून घेतो, कारण बाजूने येणारी मोटारसायकल ऐकू येते पण दिसत नाही.

एका सोमवारी दिवाळीच्या सुट्टीनंतर मी मागचा मोठा दगड हलवला. त्याच्या फटीत गोगलगायींचा लोंढा होता, एकावर एक चढलेल्या, जत्रेत दर्शनाला घुसलेल्या माणसांसारख्या. मधोमध काहीतरी पिवळसर होतं. चिमट्याने बाहेर काढलं, बोटांत चुरलं. कणीक होती. हळद घातलेली, मळलेली, गोल वळलेली कणकेची गोळी.

पुढच्या शनिवारी अकराला कॉलेज सुटल्यावर मी निघाल्यासारखं केलं आणि टाकीच्या मागच्या बाजूला, जिथे पंप आणि नळ्या असतात त्या अरुंद जागेत, खुर्ची घेऊन बसले. अर्ध्या तासाने मावशी आल्या. हातात स्टीलचा छोटा डबा. त्यांनी चपला काढल्या, टाकीवरचं झाकण सरकवलं आणि एकेक गोळी मोजत पाण्यात सोडू लागल्या.

अकरापर्यंत मोजून झाल्यावर मी उभी राहिले. मावशी दचकल्या, पण मोजणं थांबवलं नाही. हात वर करून मला गप्प राहायची खूण केली, एकवीस पुऱ्या केल्या, हात जोडले, आणि मग म्हणाल्या, “काय वो बाई, जीव गेला असता ना माझा.”

“मावशी, काय करताय हे?”

“दिसत नाय का? माशांला घालते.”

“कधीपासून?”

“आज चौदावा शनवार.”

चौदा शनिवार. तेवढेच माझे रविवार.

“अहो, यानंच त्या गोगलगायी वाढतात! मी तीन महिने डोकं फोडतेय इथं. कशासाठी करताय?”

मावशींनी पदराने हात पुसले. “तुमच्यासाठी,” त्या म्हणाल्या.

“माझ्यासाठी?”

“मंग काय माझी बदली व्हायचीय? तुम्ही फोनवर बोलता ते ऐकू येतं ना मला. सायबाच्या डोळ्यात औषध घालाया कोनी नाय. गंगेवर, आपल्या नदीच्या घाटावर, एका म्हाताऱ्यानं सांगितलं, एकवीस शनवार माशांला एकवीस गोळ्या घाल, अडलेलं सुटतं. आता गंगेवर जायाचं म्हंजी दोन रिक्षा. आन् मासे तर इथंच हायेत. तेबी कसे, गोरेगोमटे.”

माझी बदली टाकीमुळे अडली होती. टाकी गोगलगायींमुळे अडली होती. गोगलगायी कणकेमुळे वाढल्या होत्या आणि कणीक माझी बदली व्हावी म्हणून घातली जात होती. मी बरंच वाचलेलं आहे, पण इतका पक्का विणलेला सापळा कुठे वाचल्याचं आठवत नाही.

“मावशी, बंद करा,” मी म्हटलं. “तुमच्या पाया पडते.”

“मधीच?”

“आजपासून.”

त्यांचा चेहरा उतरला. “बाई, मधीच सोडलं तर ज्याच्यासाठी धरलं त्याच्यावर उलटतंय. मी सोडंन वो. पन सायबाचे डोळे हायेत ते.”

मी नवस, उपास, साडेसाती यातलं काहीही मानत नाही. स्टाफरूममध्ये यावर मी पुष्कळ बोललेली आहे आणि लोक हसलेलेही आहेत. तरीही बंद करा, असं पुन्हा म्हणायला मला फक्त तोंड उघडायचं होतं. ते उघडेना. मी त्या काचेसमोर उभी होते आणि देवळ्यातला रस्ता ओलांडताना मान फिरवणारा माणूस मला दिसत होता.

“मग उरलेले शनिवार गंगेवर घाला,” मी म्हटलं. “मी नेते तुम्हाला स्कूटरवर.”

“नाय चालत. ज्या माशांला सुरू केलं त्यांलाच पुरं करायचं.”

“हे त्या म्हाताऱ्यानं सांगितलं?”

“नाय. हे मला कळतंय ना.”

प्राचार्यांना सांगणं शक्य नव्हतं. मावशींची नोकरी गेली असती, आणि ज्या कामासाठी गेली असती ते काम माझं होतं. मी मावशींच्या हातातला रिकामा डबा पाहिला. मग विचारलं, “मावशी, गोळी केवढी असावी असं काही सांगितलंय?”

“केवढी म्हंजी?”

“म्हणजे बोराएवढी, वाटाण्याएवढी?”

मावशी विचारात पडल्या. “नाय. एकवीस पायजेत एवढंच.”

पुढच्या शनिवारी आम्ही दोघी टाकीच्या मागे समोरासमोर बसलो आणि सुपारीएवढ्या कणकेतून एकवीस गोळ्या वळल्या. प्रत्येक मोहरीएवढी. मावशींना आधी ते पटलं नाही. “हे काय, नैवेद्य का मुंगीचा शिधा?” पण त्यांची बोटं माझ्यापेक्षा बारीक चालत होती. सातव्या-आठव्या गोळीनंतर त्यांना त्यात गंमत वाटू लागली आणि माझ्या गोळ्या मोठ्या होतात म्हणून त्यांनी त्या परत मोडायला लावल्या. घालून, हात जोडून झाले की मी लांब नळीने खाली पडलेल्या गोळ्या ओढून घेत असे. एकदा घातल्यावर काढू नये असंही म्हाताऱ्याने सांगितलेलं नव्हतं. हे मावशींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “बाई, तुम्ही वकील व्हायला पायजे होतं.”

तिथे बसल्या बसल्या त्या मला मदत करू लागल्या. त्यांची नजर पक्की होती. दगडाच्या सावलीत चिकटलेला तारामासा मला दिसायच्या आधी त्यांना दिसायचा. अर्धा तुटता कामा नये, नाहीतर दोन होतील, हे एकदा सांगितलं ते त्यांनी ध्यानात ठेवलं आणि पातळ पट्टी खाली सरकवून ते अख्खे उचलू लागल्या. खारेपणा मोजायची काचेची तरंगती नळी त्यांना वाचता येत नव्हती, म्हणून मी तिच्यावर लाल रेघ मारून दिली. रेघ पाण्याबरोबर असली की ठीक, वर आली की साधं पाणी घालायचं. त्या म्हणाल्या, “एवढंच व्हय? मंग पुस्तक कशाला वाचलं?”

काच हळूहळू रिकामी झाली. आधी खालच्या कोपऱ्यातून, मग वरून. सतराव्या शनिवारी निळा मासा पुढून दिसला. एकविसाव्याला टाकीत गोगलगायी होत्या, तारामासेही होते, पण शोधावे लागत होते. मावशींनी शेवटची मोहरी सोडली आणि डबा धुऊन पालथा घातला.

समिती आली. तिने चांदीच्या पळीने माशांना जेवू घातलं, ग्रंथालय जिन्यातूनच पाहिलं आणि टाकीबद्दल लेखी कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांकडे गेले. ते खूश होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि म्हणाले, “मॅडम, आता तर तुम्हाला सोडणं अशक्य आहे.”

“साहेब, तुम्ही म्हणाला होता...”

“म्हणालो होतो. पण तेव्हा तुम्ही एवढं कराल असं वाटलं नव्हतं. आता बघा,” त्यांनी टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला, “टाकीशेजारी पितळी पाटी लावतोय. तुमचं नाव, पदव्या, खाली मत्स्यालय प्रमुख. समितीतल्या सरांनीच सुचवलं, कोणीतरी उच्चशिक्षित आहे हे दिसलं पाहिजे.”

चहा आला. मी कागद वाचला. पदव्या बरोबर होत्या, एक तर मी न मिळवलेलीही होती. त्या कागदाकडे बघताना मला समजलं की यांना मी नको आहे. पाटीवरचं माझं नाव हवं आहे.

“साहेब,” मी म्हटलं, “पाटी लावाच. पण एक सांगते. गेला सव्वा महिना टाकी मी बघतच नाहीये. मावशी बघतात. समिती आली त्या सकाळीही पाणी त्यांनीच तपासलं.”

हे बरंचसं खरं होतं.

“सफाईवाल्या मावशी?” अध्यक्ष मागे टेकले. “छे. पाटीवर त्यांचं नाव कसं लावणार?”

“त्यांचं नाही. माझंच लावा. नाव इथे राहील. मी देवळ्याला जाते.”

त्यांनी पाटीचा कागद स्वतःकडे ओढून पुन्हा वाचला. मग त्यांनी विचारलं, “पाहुणे आले आणि भेटायचं म्हणाले तर?”

“मॅडम रजेवर आहेत म्हणायचं. मोठी माणसं नेहमी रजेवर असतात.”

पंधरा दिवसांत पत्र निघालं. मावशींना विचारलं होतं मी. विचारलं, पण कसं, तर हो म्हणण्याखेरीज त्यांना काही सुचणार नाही असं. “माझं काय, बाई,” त्या म्हणाल्या, “फरशी पुसन्यापरीस पान्यात हात घालनं बरं. गार तरी असतंय.” त्यांच्याकडचं वरच्या मजल्याच्या संडासांचं काम काढून घ्या असं मी प्राचार्यांना सांगितलं. ते “बघू” म्हणाले. माझी बॅग भरलेली होती. मी ‘बघू’ला होकार धरून बसमध्ये बसले. नवस एकवीस शनिवारांत फळला, असं मावशी सगळ्यांना सांगत होत्या. त्यांना कोण काय सांगणार, की तो नवस त्यांनी माझ्यासाठी केला आणि माझी जागा त्यांना मिळाली.

आता देवळ्याला सकाळी, दुपारी आणि रात्री मी त्याची मान मागे करून थेंब घालते. गेलेला गोवा परत आलेला नाही. नाशिक आहे. संध्याकाळी मी वाचून दाखवते, तो मध्येच चुका काढतो. दर रविवारी सकाळी मावशींचा फोन येत असे, “पानी भरलं बाई,” एवढंच सांगायला. त्या आता दर रविवारी येतात हे मला त्यावरून कळायचं. मी कधी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात त्या फोनवर आणखी एक वाक्य बोलल्या. नातीचं लग्न मनमाडला होतं. दोन दिवस जायचं होतं, आणि प्राचार्य म्हणाले होते, टाकीचं काय करणार? “मंग मी म्हनलं नाय जात,” मावशी म्हणाल्या. “मासे मेले तर मलाच धरतील.”

मी नवऱ्याकडे बघितलं. तो सगळं ऐकत होता. “जा,” तो म्हणाला. “दोन दिवस मिशीला औषध मिळेल. तिलाही बरं वाटेल.” मी मावशींना सांगितलं, तुम्ही लग्नाला जा, टाकीकडे मी बघते.

शनिवारी दुपारी मी लॉबीत पोचले तेव्हा तिथे नवीन वॉचमन होता. टाकी स्वच्छ होती. माझ्या काळात होती त्याहून स्वच्छ. मी बॅग खाली ठेवली, झाकण सरकवलं आणि बाह्या वर केल्या, तेवढ्यात तो धावत आला.

“ओ मॅडम! हात नाही लावायचा. मावशींना विचारल्याशिवाय कोणीच लावत नाही. प्राचार्यसुद्धा.”

मी त्याला समजावून पाहिलं. शेजारची पाटीही दाखवली. तो पाटी वाचून म्हणाला, “त्या मॅडम रजेवर आहेत.”

शेवटी मी मावशींना फोन लावला. मागे बँडचा गोंगाट, कोणीतरी हळद कुठे ठेवली म्हणून ओरडत होतं. मी वॉचमनच्या कानाला फोन लावला. तो “हो मावशी, हो मावशी” करत उभा राहिला आणि मग फोन माझ्याकडे दिला.

“लावा हात, सांगितलंय त्याला,” मावशी बँडच्या वर आवाज चढवून म्हणाल्या. “लाल रेघ बघा, उजव्या कोपऱ्यातली बादली घ्या, डाव्यातली नको. आन् बाई, ऐका. खायला तुम्ही घालू नका. मी सोमवारी येऊन घालते.”